कोपराची चुणी

मी चुण्यांची वैरीण. वीस वर्षं इस्त्रीचं दुकान चालवतेय. रस्त्यात कोणाची कॉलर मुडपलेली दिसली तरी माझे हात शिवशिवतात. तीच मी सहा महिने एक चुरगळलेला शर्ट जिवापाड जपत होते.

शर्ट मास्तरांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. फळ्यासमोर कोसळले, ते घरी आलेच नाहीत. आदल्या दिवशीचा निळा सुती शर्ट तेवढा खुर्चीवर पडला होता, धुवायला टाकायचा राहिलेला. दोन्ही बाह्यांना कोपराशी चुण्या होत्या, हात वाकवून आत कोणी असावं अशा. मी तो दुकानात माझ्या टेबलामागे खुंटीला अडकवला. दिवसभर वाटायचं, मागे उभे आहेत. भीती वाटायची आणि बरंही वाटायचं.

चुणी कशी बसते हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मी कपड्यावर पाणी शिंपडतेय आणि हे टेबलाला रेलून सुरू: "सुताच्या धाग्यात लांबच लांब साखळ्या असतात. एका साखळीतले अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात, संसार एकत्र. कापड जाळलंस तरच तो बंध तुटेल. मिठात वेगळी तऱ्हा, तिथे एक देऊन टाकतो, दुसरा घेऊन बसतो. पण या साखळीचं त्या साखळीशी काय? ऑक्सिजन पडला हावरट. वाटून घेतलेले इलेक्ट्रॉनही स्वतःकडे ओढतो. जोडीदार हायड्रोजन बिचारा उघडा पडतो आणि शेजारच्या साखळीतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हा हायड्रोजन बंध. ना देणं, ना वाटणी, नुसती ओढ. एकेक बंध अगदी नाजूक, पण असतात असंख्य, म्हणून चुणी टिकते."

"आणि माझं पाणी काय करतं?"

"मधे घुसतं! पाण्याशी बंध जुळले की जुने सुटतात, साखळ्या सरकतात. पाणी वाळलं की असतील तिथे पुन्हा एकमेकींना धरतात. साखळ्या त्याच, पण जुनी चुणी गेली ती गेलीच."

"अहो, बाजूला व्हा, कॉलर करपेल," मी म्हणाले होते. मेलं, तेव्हा दोन घटका नीट ऐकायला काय झालं होतं मला!

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी मागे वळून पाहिलं तर चुण्या पुसट झालेल्या. दुकानात सदान्‌कदा वाफ. माझ्याच इस्त्रीची वाफ त्यांना थोडं थोडं सोडवत होती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. त्याच पावली शर्ट घरी नेला आणि कपाटात टांगला.

आणि महिन्याभरात चुण्या परत आल्या. चांगल्या ठसठशीत.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. बाही हातात घेऊन बोटांनी मोजली. चुणी आधीपेक्षा चार बोटं वर, खांद्याकडे होती. मास्तरांचा हात मला पाठ आहे. हे कोपर त्यांचं नव्हतं. सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "मी कशाला जाते तुझ्या कपाटाशी?" त्यानंतर त्या खोलीत पाठ करून बसायची माझी हिंमत होईना.

शेवटी एक दिवस भरदुपारी दुकान बंद करून घरी आले. खिडक्या लावलेल्या. मास्तरांच्या खुर्चीत निळा शर्ट बसला होता, कोपर टेबलावर वाकवून. माझी बोबडीच वळली. मग कॉलरवर सासूबाईंचा पिकला अंबाडा दिसला. खांदे ओघळलेले, हात बाहीत बुडालेले, कपाळावर घाम.

"आई! काय चाललंय काय हे?" मी ओरडलेच.

"रागावू नकोस गं," त्या घाबरून म्हणाल्या. "तू आणलास तेव्हा त्याचा हात पार सरळ झाला होता. मला बघवेना. म्हणून घालून बसते रोज. घाम आला की चुणी छान धरते." मग बाही कुरवाळत त्यांनी विचारलं, "त्याचीच आहे ना गं ती? मी फक्त पुन्हा उठवली."

घाम म्हणजे पाणीच. वाफेतून जे काही वाचलं होतं, ते त्यांच्या घामानं पुसलं होतं. मास्तर आता त्या शर्टात कुठेच नव्हते. हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं, सांगते. पण वाफ कोणाची होती?

"त्यांचीच आहे, आई," मी म्हणाले. "चुणी मला नाही कळणार तर कोणाला?"

त्यांनी सुस्कारा सोडला. शर्ट सावकाश उतरवला आणि माझ्यासमोर धरला. "मग आता तू घाल. मी दमले."

मी हात घातले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच तो शर्ट आतून गरम होता. मी खुर्चीत बसले आणि कोपर टेबलावर टेकवलं.

सासूबाई वाकून बाही बघत होत्या.

"आणखी थोडं वाकव," त्या म्हणाल्या. "तो लिहिताना वाकवायचा, तेवढं."

मी वाकवलं.