खुर्चीत बसलेली नोएमी

कागदाच्या चुण्या अजून मोडल्या नव्हत्या. साबणाची वडी ती केवढी, पेढ्याएवढी. पण तिच्याभोवतीचा पातळ कागद इतक्या बारीक चुण्या घालून मधोमध चिकटवलेला, की अहिल्याबाईंना तो उलगडवेना. त्यांनी वडी नाकाशी नेली. खोबरं... आणि त्यामागून मीठ, ऊन, ओल्या वाळूत रुतलेली पावलं, आणि ते पाणी — निळं म्हणावं तर हिरवं, हिरवं म्हणावं तर काहीच नाही, नुसता उजेड साठून राहिल्यासारखं. डोळे मिटले की अमेरिकेतल्या कॅरी गावातलं हे घर हलकेच कलंडायचं, पायाखालचा गालिचा वाळूसारखा खचायचा, आणि आपण पुन्हा मेक्सिकोतल्या त्या किनाऱ्यावर, झावळ्यांच्या छत्रीखाली, पाय पसरून, रिकाम्या हातांनी... रिकामे हात. तिथे येऊन स्वप्न अडायचं.

"आई, चहा गार होतोय," खालून हिमानीने हाक मारली.

वडी पेटीत ठेवून त्या खाली आल्या. शंतनू, त्यांचा एकुलता एक मुलगा, ओट्याशी उभ्यानेच सीरियल खात लॅपटॉपकडे बघत होता. सून हिमानी बेसिन घासत होती. आज गुरुवार. दर दुसऱ्या गुरुवारी दोन बायका घर साफ करायला यायच्या, आणि त्या येणार म्हणून हिमानी पहाटेपासून घर साफ करायची. नाहीतर त्यांना काय वाटेल, असं म्हणायची. नागपूरहून येऊन चार महिने झाले तरी अहिल्याबाईंना या गोष्टीची गंमत वाटणं संपलं नव्हतं.

"बघ, मी म्हटलं होतं ना, उत्तर देतील," शंतनू हिमानीला म्हणाला. "हॉटेलच्या मॅनेजरने स्वतः लिहिलंय. पुढच्या वर्षी तीन रात्री कॉम्प्लिमेंटरी. आणि त्या बाईला घरी बसवलंय. आपण कंप्लेंट कन्फर्म केली की काढून टाकतील."

"कुठल्या बाईला?" अहिल्याबाईंनी विचारलं. विचारायच्या आधीच त्यांना कळलं होतं.

"तुझ्या खोलीवरची, आई. संध्याकाळी आलो की लिहून टाकतो. आता मीटिंग आहे." त्याने वाडगा बेसिनमध्ये ठेवला, हिमानीने तो लगेच उचलून विसळला, आणि गराजचं दार गुरगुरत वर गेलं.

मग सात वर्षांची नात आसावरी शाळेच्या बसने गेली, हिमानी तिच्या औषध कंपनीत गेली, आणि घर एकदम मोठं झालं. मागच्या डेकवर पाइनच्या परागांची पिवळी धूळ साचली होती. मार्च संपत आला की इथे ती सगळीकडे बसते, गाडीवर, पायरीवर, पाण्याच्या नळीवर, जणू कुणी हळदीचा डबा उपडा केला असावा. अहिल्याबाईंनी कठड्यावरून बोट फिरवलं, बोट पिवळं झालं. एका फडक्याचं काम. पण फडकं कुठे असतं ते हिमानीने त्यांना सांगितलं नव्हतं, आणि चार महिन्यांत त्यांनी विचारलंही नव्हतं. "तू आता काही करायचं नाहीस," असं शंतनू विमानतळावरच म्हणाला होता. त्याने ते इतक्या मायेने म्हटलं होतं, की ते हुकमासारखं पाळावं लागलं.

तसंच मेक्सिकोतही. आसावरीच्या शाळेच्या स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीत पाच दिवस. मनगटावर एक पट्टी बांधली, म्हणजे मग जे हवं ते मागायचं, आणि कुणी नाही म्हणायचं नाही. हिमानी प्रत्येक वेटरला सुपात कोंबडीचं पाणी तर नाही ना, असं विचारायची; वेटर हसून नाही म्हणायचा; त्या हसण्यामुळेच तिला संशय यायचा, आणि ती पुन्हा भाकरीसारख्या गोल टॉर्टियावर आणि राजम्यावर यायची. आसावरी दिवसभर पोहण्याच्या तलावात. शंतनू डोळ्यांवर टोपी टाकून निजलेला. किती वर्षांनी त्याला असा निजलेला पाहिला. दगडावर एक घोरपडीसारखं जनावर ऊन खात बसायचं, त्याला कुणी हाकलत नव्हतं. दर थोड्या वेळाने पांढऱ्या कपड्यांतलं कुणीतरी वाकून विचारायचं, सगळं ठीक आहे ना? अहिल्याबाई मान डोलावायच्या. इतक्या वेळा ठीक आहे म्हटल्यावर माणसाला आपलं काहीतरी बिघडलंय, असं वाटायला लागतं.

पहिल्या सकाळी त्या पाचला उठल्या. त्यांना वेगळी खोली घेतली होती, समुद्राकडे उघडणारी. उठल्याबरोबर हात आपोआप चादरीकडे गेले. चार कोपरे ओढून पलंग सपाट केला, उशीचे अभ्रे झटकले, न्हाणीघर कोरडं केलं, टॉवेल घडी घालून ठेवले, तोंडं सगळी एका बाजूला. हे त्यांनी ठरवून केलं नाही. बाहेर लाट येत होती, जात होती, आणि त्या तालावर हात चालत होते, आणि छातीत काहीतरी सैल होत होतं... दहाच्या सुमाराला ढकलगाडी घेऊन ती आली. बुटकी, रुंद, केसांचा घट्ट अंबाडा. छातीवर नावाची पट्टी. अहिल्याबाईंनी आसावरीकडून शिकलेली इंग्रजी अक्षरं एकेक करून जुळवली: नो-ए-मी. नोएमीने खोलीभर नजर फिरवली, टॉवेलांच्या घड्यांवर हात फिरवला, आणि हसली. ते हसणं पाहुण्याला बघून हसायचं नव्हतं. एका कारागिराने दुसऱ्याचा हात ओळखावा, तसं ते होतं.

अक्षरं. मराठी अक्षरंही त्यांना उशिराच आली. नवरा गेल्यावर स्टेशनजवळच्या जगन्नाथशेठच्या लॉजवर त्या कामाला लागल्या, तेव्हा त्या निरक्षर होत्या. धोब्याच्या यादीवरून एकेक शब्द ओळखू आला, आणि आयुष्यात वाचलेला पहिला शब्द होता 'चादर'. अठरा खोल्या, दोन जिने, फिनेलचा वास. शंतनू शाळेतून येऊन दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर गृहपाठ करायचा. नंतर यायचा बंद झाला. नववीत असताना एकदा तो चार मित्रांबरोबर लॉजवरून चालला होता, आणि अहिल्याबाई गुडघ्यांवर बसून पुढच्या पायऱ्या पुसत होत्या. त्याने मान वर केली... मी त्याला बघितलं. त्याने मला बघितलं. आणि मी त्याला बघितलंच नाही असं दाखवून मान खाली घातली, फडकं पुन्हा बादलीत बुडवलं, म्हणजे त्याला पुढे जाता यावं. तो गेला. त्या दिवसाविषयी आम्ही कधी बोललो नाही. पुढे हिमानीच्या घरची मंडळी बघायला आली, तेव्हा तो म्हणाला, आई हॉटेल लाइनमध्ये होती, सुपरवायझर होती; आणि चहाचा ट्रे हातात घेऊन त्यांनी होकाराची मान हलवली. नऊ वर्षं ती मान तशीच हललेली राहिली.

दाराची घंटा वाजली. त्या दोघी आल्या होत्या. शंतनूने सांगून ठेवल्याप्रमाणे अहिल्याबाई वर आपल्या खोलीत जाऊन बसल्या. खाली व्हॅक्यूम सुरू झाला, त्याची घरघर भिंतीतून पाठीत येऊ लागली, आणि मग ती घरघरही हळूहळू पाण्याची झाली.

दुसऱ्या दिवशी नोएमीने बोटं दाखवली होती: दहा, आणि चार. चौदा खोल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून तोंड वाकडं केलं. अहिल्याबाईंनी आपल्या गुडघ्यावर हात ठेवून तेच तोंड केलं. दोघी हसल्या. त्या हसण्यात कुठली भाषा होती कुणास ठाऊक. मग अहिल्याबाईंनी तिला दोन्ही खांद्यांना धरलं आणि समुद्राकडच्या वेताच्या खुर्चीत बसवलं, हातात घरून आणलेला बेसनाचा लाडू ठेवला, आणि तिच्या हातातला ब्रश काढून घेतला. दहा मिनिटं. नोएमीने बूट काढले. तिची पावलं सुजलेली होती. ती लाडू खात समुद्र बघत होती, आणि आत टब घासताना अहिल्याबाईंच्या मनात आलं, हिने हा समुद्र कधी बसून बघितला असेल का... त्या पाच दिवसांत त्यांना जे सुख मिळालं ते हेच. त्या निळ्या पाण्याचं नाही, छत्रीचं नाही, दर सकाळी टॉवेलाचा हंस करून ठेवायचे त्याचंही नाही. रोज दहा मिनिटं टब घासण्याचं. नोएमी जाताना साबणाच्या दोन वड्या जास्त ठेवायची.

चौथ्या दिवशी शंतनू जेवायला बोलवायला आला, आणि दार अर्धवट उघडं होतं.

तो ओरडला नाही. नोएमी धडपडत उठली, बूट पायांत अर्धेच गेले. शंतनू तिच्याकडे बघतच नव्हता. तो न्हाणीघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "आई, ऊठ." तेवढंच. पण मुक्कामाच्या शेवटी भरून द्यायच्या फॉर्मवर त्याने लिहिलं: कर्मचाऱ्याने माझ्या वृद्ध आईकडून काम करून घेतलं.

करून घेतलं... खरं काय होतं? आज सकाळपासून हा प्रश्न त्यांच्याभोवती फिरत होता, आणि त्या त्याला बगल देत होत्या. खरं हे, की मी तिला बसवलं. पण मग आणखी एक गोष्ट त्यांना दिसली, स्वच्छ, उन्हात पाण्याचा तळ दिसावा तशी: नोएमी लाडू खाताना समुद्र बघत नव्हतीच. ती दाराकडे बघत होती. प्रत्येक घासाला दाराकडे. तेव्हाही ते दिसलं होतं; त्या मनात म्हणाल्या होत्या, लाजते बिचारी. लाजते? अठरा खोल्यांतल्या कुणी गिऱ्हाइकाने, बस बाई, असं म्हटलं असतं, तर जगन्नाथशेठ वर येईल या धास्तीने आपली काय गत झाली असती, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं. मनगटावर पट्टी बांधलेल्या माणसाला तर नाहीच. तिला बसायचं होतं का, हे मी विचारलंच नाही. मला घासायचं होतं. जे हवं ते मागा म्हणाले, आणि मी तिच्या हातातला ब्रश मागितला.

व्हॅक्यूम थांबला होता.

तीनला आसावरी आली. दूध-बिस्किट खाताना तिला आजीने विचारलं, शनिवारी परत यायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशी बाबा का चिडला होता, ते तुला ठाऊक आहे का. आसावरीला सगळं ठाऊक होतं. "बिकॉज यू वर क्लीनिंग, आजी. ऑन व्हेकेशन."

"मग व्हेकेशनला काय करायचं असतं?"

"नथिंग," आसावरीने समजावून सांगितलं. "दॅट्स द होल पॉइंट."

संध्याकाळी शंतनूने लॅपटॉप डायनिंग टेबलावर उघडला. हिमानी भेंडी चिरत होती. बाहेरच्या उन्हात पिवळी धूळ तरंगत होती आणि आतलं सगळं थोडं लांब, थोडं पाण्याखालचं वाटत होतं. अहिल्याबाई टेबलाच्या टोकाशी उभ्या राहिल्या. दिवसभर जुळवलेली वाक्यं गळून गेली होती.

"शंतनू, थांब. तिला मीच बसवलं होतं. ब्रश मीच मागून घेतला."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

त्याने पडद्यावरून नजर काढली नाही. "आई, ती लाडू खात होती. लाडू काय तिने मागितला असेल?"

"मग लिहिलंस का तसं?"

तो अगदी हळू म्हणाला, "तू गुडघ्यांवर होतीस. तुला तिथे नेलं ते काय त्यासाठी?" आणि त्याचा आवाज असा काही फाटला, की नववीतला तो मुलगा पायरीसमोर उभा असल्यासारखा वाटला, तो पुढे गेलाच नव्हता, इतकी वर्षं तिथेच उभा होता, आणि आपणच मान खाली घालून बसलो होतो...

हिमानीने सुरी ठेवली. तिला वातावरण हलकं करायचं असावं, ती हसत म्हणाली, "पण खरंच, आई, तुमचं पण कमालच आहे. तुम्ही सुपरवायझर होतात ना? अशा बायकांकडून काम कसं काढून घ्यायचं ते आम्ही तुमच्याकडून शिकायचं, तर तुम्हीच जाऊन घासत बसलात."

शंतनूने मान वर केली. तीच नजर. विनवणारी, आधीच क्षमा मागणारी — जाऊ दे, आई, मला पुढे जाऊ दे. तेव्हा किती सोपं होतं ते. नुसती मान खाली घालायची होती.

"मी सुपरवायझर नव्हते, हिमानी," अहिल्याबाई म्हणाल्या. "अठरा खोल्या होत्या. मी झाडायचे. न्हाणीघरं घासायचे. दहा वर्षं."

शंतनूची बोटं कळांवर तशीच राहिली. ती आता काय लिहितील, की काहीच लिहिणार नाहीत, आणि लिहिलं तरी तिकडे ते कुणी वेळेत वाचेल का, आणि घरी बसवलेली नोएमी या क्षणी काय करत असेल — यातलं काहीच अहिल्याबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांना नवल वाटलं ते स्वतःच्या आवाजाचं. या घरात चार महिने त्या ज्या आवाजात बोलत होत्या, तो हा नव्हता. हा जाडसर होता, रुंद होता, रिकाम्या खोल्यांतून जाऊन परत येणारा. तो अजून आपल्यापाशी असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"म्हणजे?" हिमानीने विचारलं. प्रश्न तिने शंतनूकडे बघून विचारला होता, पण उत्तराची वाट ती अहिल्याबाईंकडून बघत होती.

अहिल्याबाईंनी शंतनूकडे बघितलं नाही. त्याला सोडून दिलं म्हणून नव्हे; या वेळी त्याच्या नजरेला विचारून बोलण्याची गरज उरली नव्हती, म्हणून. पुढचं वाक्य कुठून सुरू करावं ते त्या शोधत राहिल्या — शेठपासून, की त्या जिन्यापासून, की पहिल्या दिवसापासून — आणि शोधताना त्यांना अजिबात घाई नव्हती.