राजाचा तुंबा कोणी फोडला

न्यांकोरो फिलेंकालाला मी जन्मभर शिव्या दिल्या. रोज सकाळी, पाटी मांडायच्या आधी. सान गावच्या बाजारात माझे सुंबालाचे, म्हणजे आंबवलेल्या बियांच्या मसाल्याचे, गोळे आणि त्याची तुंबे शिवायची चटई शेजारी शेजारी होती. सुंबाला रश्श्यात पडला की लोक बोटं चाटतात, पण उघड्यावर ठेवला की नाक धरतात. त्यावरून तो मला बोलायचा आणि मी त्याला त्याच्या आडनावावरून.

"काय रे चवळीखाऊ, अजून मेला नाहीस?"

"कसा मरणार? मरण येतं गं दारापर्यंत. शेजारी सोगोबीण बसलीय म्हटल्यावर नाक धरून परत जातं."

मी न्येले सोगोबा. सोगोबाने फिलेंकालाला आपला गुलाम म्हणायचं, फिलेंकालाने सोगोबाला चोर म्हणायचं आणि जो रागावेल त्याला लोकांनी हसायचं, हे आमच्या दोन आडनावांचं नातं. कुणी जोडलं ते ठाऊक नाही. पण परगावचा माणूस गाडीतून उतरला आणि त्याने आडनाव सांगितलं, की त्याला नुसतं पाणी द्यायचं की पाण्याबरोबर शिवीही, ते आम्हाला लगेच कळतं. पाणी कुणालाही मिळतं. शिवी घरच्याला.

आमच्या भाषेत फिले म्हणजे तुंबा, वाळल्या भोपळ्याचं भांडं, आणि काला म्हणजे शिवणं. हे आडनाव कसं पडलं ते न्यांकोरो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. तडा गेलेला तुंबा भिजत घालायचा, मग तड्याच्या दोन्ही कडांना आरीने भोकं पाडता पाडता घसा खाकरायचा. त्याचं खाकरणं ऐकलं की मी ओळखायची, निघाली राजाची स्वारी.

"राजा लढाईवर निघालेला. वाटेत पाण्याचा तुंबा तडकला. अख्खी फौज तहानलेली. तेव्हा आमच्या पूर्वजाने अंगातला सदरा उसवला, त्याच धाग्याने तुंबा शिवला. थेंबसुद्धा गळला नाही! राजा पोटभर प्यायला आणि म्हणाला, आजपासून तू फिलेंकाला."

"आणि तुंबा तडकला कसा, ते सांग ना!" मी माझ्या पाटीमागून ओरडायची. "अहो, याचा पूर्वज राजाची चवळी चोरून खात होता. तुंब्यात डोकं घातलं, ते बसलं अडकून. ओढाताणीत तुंबा फुटला. राजा म्हणाला, फोडलास ना? आता शिवत बस! पिढ्यान्‌पिढ्यांची शिक्षा आहे ती, आणि हा मान म्हणून मिरवतोय."

लोक जमायचे, हसायचे, आणि जाताना त्याच्याकडे एक फुटका तुंबा टाकून माझ्याकडून चार गोळे घेऊन जायचे. न्यांकोरो मान खाली घालून टाके घालत राहायचा. टाके असे, की तड्याजागी माशाचा काटा रेखल्यासारखा दिसे. मग हळूच म्हणायचा, "सोगोबीणबाई, एक दिवस तू चार माणसांत, स्वतःच्या तोंडाने माझ्या पूर्वजाचा मान सांगशील."

"बानी नदी उलटी वाहील त्या दिवशी!"

"वाहील, वाहील. मला घाई नाही."

सानमध्ये सोगोबा वाटेल तेवढे. दगड भिरकावला तर सोगोबाला लागेल. फिलेंकालांचं घर मात्र एकच. तसं ते कुठेही गेलं तरी एकच असतं. एका गावात तडे किती जाणार? एका माणसाच्या पोटापुरते. म्हणून थोरल्याने बापाची चटई सांभाळायची आणि धाकट्यांनी एकेक आरी घेऊन वाट धरायची, ही त्या घराची रीत. बाप सांगायचा, चालत राहा. अंगणात फुटका तुंबा पालथा पडलेला दिसला तर घरच्या बाईला विचार, इथे शिवणारा कोण? ती म्हणाली कोणी नाही, तर तिथे थांब. असं करत करत ते कोण सिकासोला गेले, कोण बोबोला, कोण आगगाडीच्या रुळांच्या कडेकडेने पार समुद्रापर्यंत. आडनाव उदंड पांगलं, पण कुठेच वाढलं नाही. मला त्या लोकांची दया यायची. आम्हा सोगोबांना भांडायलासुद्धा घरात भाऊ पुरून उरतात. या बिचाऱ्यांना ईदच्या दिवशीही दार वाजवायला नातलग नाही.

मग एनॅमलची भांडी आली, मग प्लास्टिकची. दिवसाकाठी दोन तुंबे आले तरी नशीब, असं झालं. न्यांकोरोचा मुलगा झान आबिजानला गेला आणि टायरची पंक्चरं काढायला लागला. "तडे बुजवणं काही सुटलं नाही गं," न्यांकोरो कौतुकाने सांगायचा. "आता रबराचे, एवढंच."

त्या वर्षी बाजरी कापून झाली आणि त्याची चटई पसरलेली दिसेना. एक दिवस वाट पाहिली, दुसऱ्या दिवशी पाटी झाकली आणि त्याचं घर गाठलं. त्याची बायको सितान अंगणात पेज ढवळत होती. तिने नुसतीच मान हलवली. आत तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"अरे चवळीखाऊ, मालकिणीला न विचारता रजा घेतलीस?"

त्याने तोंड वळवलं. उलट शिवी दिली नाही.

"न्येले," तो म्हणाला. माझं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं. "एक काम आहे."

"गुलाम कधीपासून कामं सांगायला लागले?"

"ऐक तर. माझा बाप ओदियेने गावात वारला. तिथे फिलेंकालांचं घर आमचंच. सोगोबा औषधालाही नाही. लोक चांगले होते. नमाजाला आले, खांदा दिला. पण सोगोबाने करायचं ते करायला कुणी नव्हतं; कुणी हसलं नाही गं. कुणी त्याची टोपी घालून त्याची नक्कल केली नाही, कुणी जनाजा अडवला नाही. वाटेवर सापडलेला परका माणूस पुरतात तसा माझा बाप पुरला."

तो दम घ्यायला थांबला. मी पाण्याचा तुंबा पुढे केला. त्यानेच शिवलेला होता.

"मी चटई धाकट्या भावाला दिली आणि निघालो. लोक समजतात, फुटके तुंबे शोधत सानला आलो. फुटके तुंबे काय, वाटभर होते. इथे ट्रकमधून उतरलो, आडनाव सांगितलं आणि एका सुंबालावालीने भर बाजारात माझ्या सात पिढ्या काढल्या. मी तिथेच चटई टाकली."

मी तुंब्यावरचे टाके बोटाने मोजत राहिले.

"मी गेलो की तू कर माझं सगळं. दुसरे सोगोबा येतील, पण मला तू हवीस. मला हसत हसत पाठव. आणि रडायचं नाही हं. तुझीच भीती वाटते मला. वरून टणक दिसतेस, पण तडा लांबून ओळखतो मी. धंदाच आहे माझा."

"मी रडेन? तुझ्यासाठी? चुलीच्या धुरानेसुद्धा डोळ्यांत पाणी आलं तर ते तुझ्या नावावर खर्ची घालणार नाही मी!"

"शाब्बास," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. मी बाहेर आले. कडुनिंबाच्या झाडाआड गेले आणि तिथे काय केलं ते सांगत नाही.

थोड्याच दिवसांत तो गेला. पहाटे. झान आबिजानहून आधीच आलेला होता. दुपारच्या नमाजाआधी अंगण माणसांनी भरलं. बायकांच्या गराड्यात दारापाशी सितान विधवेच्या चटईवर बसली. मी न्यांकोरोचा निळा झगा घातला, त्याची टोपी डोक्यावर ओढली, एका हातात आरी, दुसऱ्यात तुंबा घेतला आणि जनाज्याच्या वाटेतच बैठक मारली.

"अहो, सोगोबीण आली! धरा आता," कोणीतरी म्हणालं.

मी त्याच्यासारखे डोळे बारीक केले, त्याच्यासारखा घसा खाकरला. पहिला हशा आला. मी तुंबा उलटासुलटा करून हुंगला, तोंड वाकडं करून म्हटलं, "याला कुठल्यातरी सोगोबिणीचा हात लागलाय." दुसरा हशा. इमामांनी दाढीआड हसू लपवलं. जमतंय, मला वाटलं. मग मी राजाची गोष्ट सुरू केली. फौज तहानेने व्याकूळ झाली, पूर्वजाने सदरा उसवला.

"थेंबसुद्धा..." मी म्हटलं, आणि झग्याच्या गळ्यातून त्याचा वास आला. वाळल्या तुंब्याचा आणि तंबाखूचा. माझा आवाज फुटला तो फुटलाच. मी टोपी तोंडावर दाबून ढसाढसा रडले.

बायका डोळे पुसू लागल्या. झान जमिनीकडे पाहत राहिला. मला एकच दिसत होतं, ओदियेने. मी त्याला पुन्हा ओदियेनेतच नेऊन पुरत होते.

तेवढ्यात दारातून सितानने हाक मारली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"न्येले! तो तुझ्यासाठी निरोप ठेवून गेलाय. म्हणाला, ती मध्येच रडेल, तेव्हा सांग."

"काय?" मी हुंदका गिळून विचारलं.

"म्हणाला, सोगोबिणीचंच खरं. तुंबा आमच्याच माणसाने फोडला. डोकं अडकलं होतं, आत चवळीच होती. मान वगैरे काही नाही. आम्ही आपले फोडून शिवणारे."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मरता मरता याने हे बोलावं? आयुष्यभर माझ्याशी भांडला, एकदा मागे हटला नाही, आणि आता हे? मी ताडकन उठले.

"खोटं आहे!" मी किंचाळले. "साफ खोटं! राजाची फौज तहानेने मरत होती! त्याच्या पूर्वजाने अंगावरचा सदरा उसवून तुंबा शिवला! थेंब गळला नाही, एक थेंब! राजाने मान दिला त्यांना, मान! फिलेंकालाला कुणी चवळीचोर म्हणून तर बघा, माझ्याशी गाठ आहे!"

सितानने पदर तोंडावर ओढला होता आणि तिचे खांदे हलत होते.

"तो म्हणाला," तिला धड बोलताही येईना, "एवढंच सांग आणि गप्प बस. चार माणसं असतीलच. बानी उलटी वाहिली की मला पडल्या पडल्या ऐकू येईल."

आधी इमामांना हसू फुटलं. मग अख्ख्या अंगणाला. सोगोबीण फिलेंकालाचा मान सांगते, असं सानमध्ये कधी कुणी पाहिलं नव्हतं! खांदेकरी एकमेकांना धरून हसायला लागले. म्हातारे चटईवर लोळले. झान हसता हसता रडत होता, मी रडता रडता हसत होते आणि जनाज्याकडे हात करून ओरडत होते, "लबाडा! गुलामा! मेल्यावर जिंकतोस होय? ऊठ, ऊठ आणि तोंडावर बोल!"

तो उठला नाही. मी जनाज्याला मिठी मारली.

"माझा गुलाम आहे. फुकट सोडणार नाही."

झानने रिवाजाप्रमाणे सुटकेचं मोल म्हणून माझ्या ओंजळीत कोलाच्या बिया ठेवल्या. "सोड आता त्याला, आत्या," तो म्हणाला. मी सोडलं. हसून हसून खांदेकऱ्यांचे पाय धड पडत नव्हते. माझा न्यांकोरो तसाच डुलत डुलत गेला.

आता माझ्या शेजारी कोणी बसत नाही. एका मोबाइलवाल्याने जागा मागितली होती, त्याला मी हाकलून दिलं. झान आबिजानला परतला तेव्हा गाडीच्या दारात घुटमळत म्हणाला होता, "आत्या, तिथे माझं आडनाव फक्त ओळखपत्रावर आहे. वाचतात आणि परत देतात."

आता दर बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीत, माझा फोन वाजतो.

"सोगोबीणआत्या, गोळे झाका हो. आबिजानपर्यंत वास येतोय!"

"आधी तोंडातली चवळी गिळ, तुंबाफोड्या, मग बोल!" मी अशी ओरडते की मटणाच्या दुकानापर्यंत सगळे माना वळवतात. पलीकडे टायरवाल्यांच्या गलक्यात तो मोठ्याने हसतो. बापासारखाच हसतो, आधी खाकरून.

परवा त्याने विचारलं, "आत्या, खरं सांग, तुंबा फोडला कोणी?"

"तुमच्याच माणसाने. दुसरं कोण फोडणार?" मी सांगितलं. चार माणसांत मान एकदाच सांगायचा होता, तो सांगून झाला.