कपाटातली गोड बाटली

धाकट्या बहिणीच्या ओट्यावर सोनाराकडे असतो तसा वजनकाटा होता. तिच्या सहा वर्षांच्या लेकीला आकड्या यायच्या आणि औषधांनी हात टेकले होते. म्हणून डॉक्टरांनी आहार बांधून दिला. लोणी आणि साय भरपूर, साखर नि पीठ बंद, प्रत्येक घास ग्रॅमवर.

पोरीला आम्ही बटण म्हणायचो. रांगत्या वयात तिनं माझ्या शिवणाच्या डब्यातलं एक गिळलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात आकड्या थांबल्या. दीड वर्षात एकही नाही. बहीण मात्र पहारेकरी झाली. मी दारात आले की म्हणायची, "ताई, आधी पिशवी दाखव."

"बाई गं, रिळं आहेत. खाऊ घालू का?"

मग बटण जिन्यात मध्येच बसायला लागली. "मावशी, पाय दमले."

"लोणी खाऊन आळशी झालीस," मी म्हटलं. फ्रॉक पोटावर घट्ट झाला, तर कौतुकानं शिवणी उसवून सैल करून दिला. बाह्या उलट ढगळ झाल्या होत्या, ते हातांना कळलं, डोक्यात शिरलं नाही. अंगावर चढलं होतं ते पाणी होतं.

दवाखान्यात कळलं, हृदय फुगलंय, दमलंय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आहारासोबत क्षारांचं औषध दिलं होतं, ते चालू आहे ना?"

"ते गोड होतं," बहीण म्हणाली. "मी चाखून पाहिलं. साखर बंद सांगितली होती, म्हणून पहिल्याच दिवशी कपाटात ठेवलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ती गोडी साखरेची नव्हती हो. सेलेनियम होतं. कणभरच लागतं, पण हृदयाला लागतं. आम्हीही रक्त तपासायला हवं होतं." थांबून म्हणाल्या, "वेळ मिळाला तर सावरेल."

बहीण माझ्याकडे वळली. "ताई, मी एका ग्रॅमची चूक केली नाही गं."

संध्याकाळी नर्सनं पहिला चमचा पाजला. बटणनं जीभ ओठांवरून फिरवली, मला जवळ बोलावलं. "मावशी, हे गोड आहे. आईला सांगू नकोस."

आई पडद्याशीच उभी होती. काही न पाहिल्यासारखी पाऊल न वाजवता मागे गेली.

वेळ मिळाला नाही. अकरा चमचे झाले, अकरा दिवसांचे.

काटा अजून ओट्यावर आहे. सकाळी बहीण तो पुसते, शून्यावर आणते आणि तसाच ठेवून देते.