खांबाखालचा पेंढा

आग डोंगर चाटून गेली तेव्हा दादाची रोपवाटिकाही गेली. दुसऱ्या कुणी हात टेकले असते. पण हा हट्टी माणूस नवी रोपं घेऊन त्याच काळ्या उतारावर चढला.

त्याची धाकटी बहीण हवामान खात्यात होती. उतारावर तिच्या खात्याचा एक खांब होता, त्यावर दोन मापकं: एकाचं तोंड आभाळाकडे, दुसऱ्याचं जमिनीकडे. किती ऊन आलं आणि जमिनीनं किती परत फेकलं, ते त्यांवरून कळायचं. जळलेली जमीन फारसं काही परत फेकत नाही. सगळं ऊन पोटात घेते, स्वतः तापते, वरची हवा तापवते, आणि कोवळी खोडं मातीलगत भाजून काढते. म्हणून खात्यानं कबूल केलं होतं की उतार काळाच राहिला, तर उन्हाळ्यात रोपांवर सावलीच्या जाळ्या टाकून देऊ.

सुरुवातीला ती मापकांच्या काचा पुसायला दर आठवड्याला यायची. पाय भाजतात म्हणून कुरकुरायची. मग बढती मिळाली आणि ती शहरातल्या कार्यालयात बसू लागली. आकडे आपोआप तिथं पोचत.

ऐन उन्हाळ्यात खात्यानं जाळ्या नाकारल्या. आकड्यांप्रमाणे उतार उजळला होता. तिनंच ते पुढे पाठवले होते.

ती तशीच उतारावर आली. सगळीकडे काळंठिक्कर. फक्त खांबाखाली, मापकाच्या बरोबर नजरेत, पिवळाधमक पेंढा जाड अंथरलेला होता.

"हा कुणी टाकला?"

"मीच. तुझे पाय भाजायचे ना." दादा अवघडून हसला. "वाऱ्यानं उडतो मेला. येशील म्हणून पुन्हा पुन्हा टाकत होतो."

तिला रडू फुटलं. लपवून उपयोग नव्हता. मापकानं उतार म्हणून काय पाहिलं, ते तिनं सांगून टाकलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग खाली वाकून दोन्ही हातांनी पेंढा गोळा केला आणि एकेका रोपाच्या बुडाशी लावू लागला. बोट लागलं की खोडाची साल सुटून येत होती.

"आता जगतील ना गं?"

"नाही, दादा. गेली ती."

"बरं," तो म्हणाला, आणि पुढच्या रोपाकडे सरकला.