अर्धी विणलेली बाज

भाऊसाहेबांनी बाज विणायला घेतली त्याला वीस दिवस होत आले होते, आणि बाज काही अंगणात उभी राहत नव्हती. लोखंडी पाइपाची साधी बाज, एक माणूस झोपेल एवढी. सवयीचा माणूस सकाळी नवार घेऊन बसला तर दुपारच्या जेवणाला हात धुऊन मोकळा होतो. भाऊसाहेबांना सवय नव्हती, मान्य. पण सुप्याच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं फिटर म्हणून घालवलेला माणूस तो. वीस दिवस म्हणजे काय चेष्टा आहे का!

खरं असं होतं की बाज रोज पुरी व्हायची. चारच्या सुमारास शेवटचा पट्टा बसायचा. भाऊसाहेब तिच्यावर तळहात आपटून ताण बघायचे, चहा घ्यायचे, आणि दिवेलागणीच्या आत सगळी नवार उसवून, नीट गुंडाळून कोनाड्यात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. दोन वर, दोन खाली.

"डागदरीनबाईनं इनायला सांगितलंय," त्यांची बायको झुंबरबाई म्हणायची. "उसवायला न्हाई."

"हाताला काम ठेवायला सांगितलंय," भाऊसाहेब म्हणायचे. "बाज एकदा झाली की काम संपलं. मग काय तुझं डोकं इनू?"

झुंबरबाई यावर गप्प बसायची. ती गप्प बसली की भाऊसाहेबांना जास्त लागायचं.

डॉक्टरीणबाईंचं प्रकरण असं. दीपा, त्यांची एकुलती एक लेक, केडगावहून बाळंतपणाला माहेरी आली, आणि चौथ्याच दिवशी भाऊसाहेबांच्या छातीत धडधडायला लागलं. हात कापायचे, बशीतला चहा धोतरावर सांडायचा. सगळ्यांची पाचावर धारण बसली. जावई सम्राट गाडी घेऊन आला, त्यांना नगरला नेलं, ईसीजी काढला. डॉक्टरीणबाई अगदी तरुण. कागदाची पट्टी वरून खाली बघून म्हणाली, "काका, हृदय ठणठणीत आहे. तुम्ही काळजी फार करता. हाताला काहीतरी काम ठेवा. चित्रं रंगवा, झाडं लावा, विणकाम करा. हात गुंतले की जीव शांत होतो."

दीपानं मोबाईलवरून रंगवायचं पुस्तक मागवलं. पानभर बारीक नक्षी, तिच्यात रंग भरायचे. भाऊसाहेबांनी दोन पानं रंगवली. रंग रेघेबाहेर गेला की त्यांची छाती पहिल्यापेक्षा जोरात धडधडायची, म्हणून पुस्तक बंद केलं. मग कुंडीत कोथिंबीर पेरली. पण उगवली का नाही हे बघायला ते रोज सकाळी माती उकरायचे. अशानं कुणाची कोथिंबीर उगवणार? शेवटी माळ्यावरची बाज खाली काढली. जुनी नवार कुजली होती, नवी आणली, आणि काय नवल, पहिल्याच दिवशी हातांचं कापणं थांबलं. मोजत राहावं लागायचं आणि ओढत राहावं लागायचं. दुसरं काही डोक्यात यायला जागाच उरायची नाही.

बाळंतीण बाजेवर झोपते, खाली शेगडी ठेवतात, हे काय कुणाला सांगायला हवं? बाज कुणासाठी चालली होती हे घरात तिघांनाही माहीत होतं. पण बोलत कुणी नव्हतं.

आता भाऊसाहेबांना आवडो न आवडो, एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हा माणूस गावात कुणाच्या दाराला लिंबू-मिरची दिसली की ती तोडून हातात घेऊन त्याच घरात चहाला बसणारा. अमावास्येला मुद्दाम नवं काम काढणारा. जयंतीला बुद्धविहारापुढं त्यांचं भाषण ठरलेलं, आणि त्या भाषणात अंधश्रद्धेची अशी काही चामडी लोळवायचे की पोरं शिट्ट्या मारायची.

दीपाला पहिल्या खेपेला सहावा महिना लागला तेव्हा ते नगरहून सागवानी पाळणा घेऊन टेम्पोनं केडगावला गेले. सोबत झबली, टोपरी, दुपटी, सगळं. "जन्माच्या आधी काही आनू नये," झुंबरबाई म्हणाली होती. त्यावर भाऊसाहेबांनी तिला अर्धा तास ऐकवलं, तेही व्याह्यांच्या देखत. पाळणा हॉलमध्ये टांगला. आठव्या महिन्यात एका सकाळी बाळाची हालचाल थांबली.

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं. नाळेत गाठ बसली होती, कुणाच्या हातात काही नव्हतं. भाऊसाहेबांना ते नीट समजलं. यंत्र कुठं अडकतं आणि का अडकतं हे समजण्यातच त्यांची हयात गेली होती. तरीपण घरी येताना त्यांच्या मनात पाळणाच होता. तो पाळणा पुढं कुठं गेला हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांची विचारायची हिंमत झाली नाही. झुंबरबाईनं एका शब्दानं टोचलं नाही. दीपानंही नाही. या गोष्टीला अडीच वर्षं झाली होती. दीपा आपल्याला दोष देते का, एवढं एकच त्यांना जाणून घ्यायचं होतं, आणि तेवढंच विचारता येत नव्हतं.

म्हणून बाज रोज उसवली जायची. डॉक्टरीणबाईचं नाव पुढं करायला बरं होतं.

नववा महिना लागला त्या दिवशी दीपा दुपारी ओट्यावर येऊन बसली. पाय सुजलेले, पाठीला उशी. भाऊसाहेबांनी शेवटचा पट्टा ओढून बसवला आणि सवयीनं तळहात आपटला.

"आण्णा, आज उसवू नका," ती म्हणाली.

"अगं, ते डॉक्टरनं..."

"डॉक्टरांचं राहू द्या. कशासाठी उसवता ते मला कळतं." तिनं नजर बाजेवरच ठेवली होती. "पाळण्यानं काही झालं नव्हतं. नाळेला गाठ होती. तुम्हीच मला लहानपणापासून शिकवलंत ना, कारण बघावं, घाबरू नये?"

भाऊसाहेबांवर स्वतःचंच भाषण लेकीच्या तोंडून ऐकायची वेळ आली. खाली मान घालून त्यांनी हं म्हटलं. मनातून मात्र त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. पोरीनं स्वतःच सांगितलं, पाळण्यानं झालं नाही म्हणून. आणखी काय पाहिजे? बाज अंगणात पुरी विणलेली तशीच राहिली.

सकाळी उठून बाहेर आले तर बाजेच्या पाइपांमधून खालची फरशी दिसत होती. सगळी नवार ओट्यावर ढीग होऊन पडलेली, आणि तिच्यामागं दीपा बसलेली. ती एक टोक धरून गुंडाळी करत होती.

"हे कुनी केलं?" भाऊसाहेब म्हणाले. झुंबरबाईचंच काम, असं त्यांच्या मनात आलं.

"मीच," दीपा म्हणाली. "पहाटे उठले. मला राहवलं नाही, आण्णा. काल मोठ्या तोंडानं बोलले खरी, पण ती बाज तयार बघून माझे हातपाय गार पडले."

भाऊसाहेब तिच्याजवळ बसले. त्यांनी नवारीची कड नखानं चाचपली. मग अडीच वर्षं विचारायचं राहिलेलं एकदाचं बाहेर पडलं.

"म्हंजे तू बी मला दोष देत हुतीस."

दीपानं गुंडाळी थांबवली. बाप खोटं ऐकायला बसलेला नाही हे तिला कळलं असावं.

"सहा महिने," ती म्हणाली. "रोज. तुमचा फोन आला की मी बाथरूममध्ये जाऊन बसायचे. मग सम्राट सांगायचे, झोपलीय म्हणून."

भाऊसाहेबांना ते दिवस आठवले. फोन ठेवून ते झुंबरबाईला म्हणायचे, पोरगी झोपतीय, बरं हाय, झोपेनं माणूस लवकर सावरतं. किती समाधानानं म्हणायचे!

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग एक दिवस फोन वाजला तेव्हा बाथरूमपर्यंत जायचासुद्धा कंटाळा आला. उचलला. तुम्ही विचारलंत, जेवलीस का? आणि मी जेवले नव्हते." ती जराशी हसली. "त्यानंतर नाही दिला दोष. खरंच."

"मी अजून देतोय," भाऊसाहेब म्हणाले. "मला."

"माहितीये. म्हणून तर काल म्हटलं, उसवू नका."

आत झुंबरबाईनं स्टोव्हला पंप मारायला सुरुवात केली. मग दीपानंच तोडगा काढला. "असं करू, अर्धी विणू," ती म्हणाली. "अर्ध्या बाजेवर कुणी झोपत नाही. म्हणजे तयारी केली असं होत नाही." एम.ए. झालेली पोरगी आणि गावचा नामांकित विवेकवादी, दोघांनी अगदी गंभीरपणे मान हलवली. झुंबरबाईनं चहा आणला, सगळं ऐकलं, आणि म्हणाली, "शान्या मानसांनी मला इतकी वर्षं येड्यात काढलं व्हय!"

तेव्हापासून दोघं मिळून विणायला लागली. भाऊसाहेब ओढायचे, दीपा ओट्यावर बसून टोक धरायची. अर्धी झाली की थांबायचं, अर्धीच उसवायची, पुन्हा अर्धी विणायची. दीपाची रात्रीची धास्ती बरीच कमी झाली. ती म्हणायची, मोजायला लागलं की झोप येते.

अकराव्या दिवशी दुपारी कळा सुरू झाल्या. बाज त्या वेळी जेमतेम अर्धी होती, आणि तशीच टाकून सगळे नगरला पळाले. रात्र गेली. सकाळी मुलगी झाली. दोन किलो आठशे, रडणं असं खणखणीत की बाहेरच्या बाकावर ऐकू आलं. भाऊसाहेबांनी नातीला काचेतून बघितलं. झुंबरबाई त्यांच्याकडं वळून म्हणाली, "इथं उभं राहून काय करता? परवा घरी सोडनार. बाळंतिनीला निजवू कुठं?"

मिळाली त्या एसटीनं ते गावी आले आणि कपडे न बदलता नवार घेऊन बसले. त्या दिवशी काही केल्या हात धड चालेनात. इतके दिवस विणताना शांत असलेले हात नेमके आता थरथरत होते. दोन वर, दोन खाली एवढं सोपं, पण चार वेळा चुकलं. वाटेनं जाणाऱ्या दोघातिघांनी विचारलं, काय झालं म्हणून. प्रत्येकाला त्यांनी वजनासकट सांगितलं, आणि प्रत्येक वेळी पट्टा हातातून सुटला. उरलेली अर्धी बाज पुरी व्हायला संध्याकाळ झाली.

तिसऱ्या दिवशी गाडी दारात थांबली. दीपा बाळाला घेऊन आत गेली. झुंबरबाई बाजेला हात लावून ताण बघत होती, तेवढ्यात तिला कोपऱ्यात शेवटच्या गाठीपासून कापलेला नवारीचा तुकडा पडलेला दिसला.

"अगं बया, कापून टाकली? एवढी चांगली नवार!" ती ओरडली. "कापायची कशाला? परत इनायची झाली तर पुरायची न्हाई की!"

"आता उसवायची न्हाई," भाऊसाहेब म्हणाले, आणि बाजेच्या पायथ्याशी खाली बसून लहान पोरासारखे रडले.