अपाची खिंडीतला किल्ला

यंदाची दिवाळी आम्ही साताऱ्यातच केली. चकल्या चांगल्या झाल्या, रांगोळी झाली, शेजारची मुलं फराळ हादडून गेली, आणि तरी मला दिवसभर अ‍ॅरिझोना आठवत होतं. तिथल्या चँडलर गावात आमची लेक विनीता राहते. मागच्या वर्षापर्यंत आमची प्रत्येक दिवाळी तिच्याकडे व्हायची. आमचे हे, म्हणजे मोरेश्वर, लेकीला भेटायला जातो असं जगाला सांगत. खरं कारण नात होती, सिया, आणि तिच्याबरोबर मागच्या अंगणात करायचा मातीचा किल्ला.

ज्याला हे वेड नाही त्याला ते समजावता येत नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेला माणूस. सुट्टी लागली की यांच्या आळीतली पोरं घमेल्यानं लाल माती आणायची, दगडविटा रचून वर भिजलेलं पोतं टाकायची आणि कोपरापर्यंत चिखलात हात घालून बसायची. लग्नानंतर पहिल्या दिवाळसणाला हे माझ्या माहेरी आले, तेव्हा टेलिफोन खात्यात चांगले साहेब होते. माझ्या भावांच्या किल्ल्याचा बुरूज चुकलाय म्हणून नव्या पँटीसकट चिखलात बसले. आई मला आत ओढून म्हणाली, "जावई बरे आहेत ना गं?" मला तर ते त्याच दिवशी आवडले. एवढ्या वर्षांत त्यांना हे सांगितलेलं नाही, उगाच डोक्यावर बसतील.

चँडलरची जमीन सिमेंटसारखी. कुदळ मारली तर कुदळच उडते. मग हे दुकानातून मातीच्या पिशव्या आणायचे आणि "माती विकत!" म्हणून कपाळाला हात लावायचे. सिया चालायला लागली तेव्हापासून यांची मदतनीस. दोघं मिळून मोहरी पेरायची आणि ती उगवली की जंगल आलं म्हणून नाचायची. मी पायरीवर बसून लसूण सोलत बघायची. आता वाटतं, तेवढा वेळ मी लसणाकडे कशाला बघत होते?

मागच्या वर्षी निघायच्या आधीच डॉक्टरांनी यांना बजावलं होतं. छातीत दोन स्टेंट, त्यात दम लागायला लागलेला. एवढा एक प्रवास करा, पुढे लांबचं विमान बंद. हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. विनीताला परत आल्यावर सांगायचं ठरलं. सियाला सांगायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे तो दोघांचा शेवटचा किल्ला होता, आणि त्या पोरीला त्याचा पत्ता नव्हता.

"काय सियाबाई, कधी सुरू करायचं?" पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी यांनी बाह्या सरसावल्या.

सिया तेव्हा दहा वर्षांची. तिनं पुस्तकातून डोकं वर काढलं. "आजोबा, आय डोन्ट वॉन्ट टु मेक अ फोर्ट."

"का गं?"

शाळेत अ‍ॅरिझोनाचा इतिहास चालू होता. तिथले मूळचे अपाची लोक आणि सरहद्दीवरची अमेरिकन आर्मी यांची लढाई तिनं वाचून काढली होती. "फोर्ट म्हणजे आर्मीचा," ती म्हणाली. "दे केम अँड बिल्ट फोर्ट्स. मग अपाचींना त्यांच्याच लँडवरून काढलं. आय ॲम नॉट मेकिंग वन."

"अगं, पण आपला किल्ला वेगळा!"

"फोर्ट इज अ फोर्ट, आजोबा."

यांनी सरसावलेल्या बाह्या खाली केल्या. जेवताना पोळी तशीच टाकली. विनीता म्हणाली, "बाबा, ती मोठी होतेय, इतकं मनाला लावून नका घेऊ, यार." ही पोरगी बापाला यार म्हणते, आणि त्या दिवशी त्यांचं तिकडे लक्षही गेलं नाही. रात्री मला म्हणाले, "पुढच्या वर्षी नको म्हणाली असती तर चाललं असतं." मी पाठ फिरवून झोपल्यासारखं केलं. मला त्या वेळी त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पण हट्टी माणूस. सकाळी उठून सियाचंच पुस्तक घेतलं आणि चष्मा लावून बसले. दुपारपर्यंत चेहरा उजळला. "अगं शैलजा, हे तर आपलेच लोक! मूठभर माणसं, पाठीशी डोंगर. येऊन झडप घालायची आणि दिसेनासं व्हायचं. एवढी मोठी आर्मी, पण पंचवीस वर्षं दमवली तिला." आणि मग नकाशावर बोट ठेवलं. "हे बघ. अपाची पास. खिंड! आणि खिंडीत किल्ला. फोर्ट बोवी."

"इट वॉज द आर्मीज, आजोबा," सिया म्हणाली.

"नंतर घेतला असेल त्यांनी. गड जातात, बाळा. आपले कमी गेले का?"

"नो, दे बिल्ट..."

"चल, दाखवतोच तुला."

डोंगरात राहून लढणाऱ्या माणसांना गड नसेल, ही गोष्ट साताऱ्याच्या माणसाच्या डोक्यात शिरतच नव्हती. खरं सांगायचं तर माझ्याही शिरली नव्हती.

शनिवारी विनीतानं गाडी काढली. टूसॉन मागे पडलं, मग सपाट माळ, मग पिवळ्या गवताचे डोंगर. शेवटी कच्चा रस्ता आणि तिथून पुढे दीड मैल पायी. विनीता म्हणाली, आधी फोन केला असता तर म्हाताऱ्या माणसांना वरपर्यंत गाडी नेता येते. "म्हातारं कोण आहे इथं?" म्हणून हे पुढे निघालेसुद्धा. मी गोळ्यांचा डबा पर्समध्ये चाचपत मागे. ऑक्टोबरचं ऊन होतं, पण वारा गार होता. पायवाटेवरून चालताना हे शीळ घालत होते. कितीतरी वर्षांनी ती शीळ ऐकली. मध्ये झाडीत एक झरा लागला, पाटी होती, बारीक पाणी वाहत होतं. सिया वाचायला थांबली. हे थांबलेच नाहीत. "पाणी नंतर, आधी गड!"

वर पोचलो तर गड कसला! मोकळं पठार, मधोमध झेंडा, आणि कमरेएवढ्या उरलेल्या मातीच्या भिंती. पण यांना त्याचं काहीच वाटलं नाही. आपल्याकडे तरी किती गडांवर काय उरलंय? यांनी बूट काढले, पहिल्या भिंतीशी वाकले, माती चिमटीत घेऊन कपाळाला लावली. कुठल्याही गडावर पहिल्या पायरीशी करतात तसंच. सिया इकडंतिकडं बघत पुटपुटली, "आजोबा, प्लीज."

भिंतीच्या सावलीत एक बाई बसली होती. सत्तरीची असेल, पांढरी वेणी, पायात धुळीचे बूट. ती बघत होती. तिनं इंग्रजीत विचारलं, मी मराठीत सांगते.

"तुमच्या घरातलं कुणी सोल्जर होतं का इथं?"

"नाही, नाही!" हे ताठ झाले. आणि मग आपल्या इंग्रजीत सगळं सांगत सुटले. आमच्याकडे डोंगरातल्या माणसांनी मोठ्या मोठ्या फौजांना कसं झुंजवलं, गड म्हणजे आमचं राज्य कसं, अपाचीही तसेच, म्हणून हा नमस्कार. ती बाई शेवटपर्यंत ऐकत होती. मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे तुमच्याकडे किल्ला आपल्या माणसांचा," ती म्हणाली. "मी अपाची आहे. हा आमचा कधीच नव्हता. कुणी आमच्याकडून जिंकलाही नाही. आर्मीनं बांधला."

'मी सांगत होते' असं म्हणायला सिया मोकळी होती, पण म्हणाली नाही. पोरीचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं.

हे तसेच उभे, कपाळावर मातीचा ठिपका. एवढ्याशा आवाजात म्हणाले, "मग हा इथं कशाला बांधला?"

"पाण्यासाठी," ती म्हणाली. "तुम्ही आलात त्या वाटेवर आहे बघा."

तिचं नाव लॉरेटा. न्यू मेक्सिकोतून, मेस्कलेरोहून आली होती. परत जाताना आमच्याबरोबरच उतरली. झऱ्याशी आल्यावर म्हणाली, या भागात बारा महिने वाहणारं पाणी एवढंच. आमची माणसं कायम इथं यायची. मग आर्मी आली. पाण्यावरून लढाई झाली, त्यांनी तोफा लावल्या आणि पाणी घेतलं. ते पुन्हा कुणी घेऊ नये म्हणून वर फोर्ट बांधून बसले. शेवटी उरलेल्या सगळ्यांना खाली स्टेशनवर नेलं आणि ट्रेननं पार फ्लोरिडाला पाठवलं. लॉरेटाची पणजी तेव्हा लहान मुलगी होती. सत्तावीस वर्षं कैदेत. लग्न कैदेत, मुलं कैदेत.

"ती आजीला या पाण्याचं सांगायची," लॉरेटा म्हणाली. "किती गार, कुठल्या दगडावर पाय ठेवायचा. स्वतः परत कधी आली नाही. मी जमेल तेव्हा येते."

हे खाली दगडावर टेकले. मी गोळ्या काढायला लागले तर हातानंच नको म्हणाले. मग लॉरेटाकडे बघून म्हणाले, "म्हणजे तुमचा किल्ला हा होता."

लॉरेटा हसली. मोकळं हसली, रागानं नाही. "हे पाणी आहे," ती म्हणाली. "पाण्याला किल्ला कशाला म्हणायचं?"

चूक कळली की हे वाद घालतात. सगळा संसार मी तेच बघितलं आहे. त्या दिवशी घातला नाही. "बरोबर," म्हणाले. मान खाली घालून म्हणाले, "सॉरी." लॉरेटानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सियाला विचारलं, "आजोबांना तू आणलंस इथं?"

"नो," सिया म्हणाली. "आजोबांनी मला आणलं."

परतीच्या वाटेवर गाडीत सिया यांच्या दंडाला टेकून झोपून गेली. मुंग्या आल्या तरी यांनी दंड हलवला नाही.

दिवाळीला दोन दिवस उरले होते. सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं तर हे अंगणात माती कालवत होते. आता पोरगी पुन्हा नाही म्हणाली तर? तेवढ्यात सिया बाहेर आली.

"आजोबा, फोर्ट?"

"नाही. तू सांग काय करायचं ते. मी नुसता चिखल देतो."

ती विचार करत उभी राहिली. मग खाली बसली आणि सांगायला लागली. इकडे डोंगर, तिकडे डोंगर, मधून खिंड. हे विटा रचत गेले, पोतं टाकत गेले, चिखल थापत गेले. डोंगर करावा तर यांनीच. पण हाताला सवय कसली! माथा झाला की यांचा तळवा आपोआप तो सपाट करायला लागे, तटासाठी. मग लक्षात येई आणि बोटांनी पुन्हा खडबडीत करत. तीनदा चारदा झालं असेल. मी हातातलं काम टाकून पायरीवर जाऊन बसले. सिया खिंडीत वाटी पुरून झरा करत होती.

सगळं झालं. मागे सरकून दोघं बघत राहिली. नुसते डोंगर आणि पाणी. त्या अंगणात इतक्या दिवाळ्या झाल्या, पण डोंगरमाथे कधी असे मोकळे राहिले नव्हते. मला वाटलं, आता यांना भरून येणार.

"सुंदर झालंय," हे म्हणाले, आणि ते मनापासून होतं. मी त्यांचा आवाज ओळखते.

सियानं वाटीत हळूच पाणी ओतलं. मग म्हणाली, "आजोबा, युवर फोर्ट. साताऱ्याचा. तिथं पाणी कुठं होतं?"

"आतच. खडकात खोदलेली टाकी. आधी पाणी बघायचे, मग तट बांधायचे."

"कुणाचं पाणी होतं?"

"राहणाऱ्यांचंच."

"आणि जे आत राहायचे, ते तिथलेच?"

"डोंगरातलेच."

तिनं चिखलाचं बोट फ्रॉकला पुसलं. हे तिच्याकडे असे बघत होते, जसा परीक्षेला बसलेला मुलगा बाईंकडे बघतो.

"ओके," ती म्हणाली. "मग नेक्स्ट इयर तुझा करू. टाकी आधी. मग भिंत. प्रॉमिस?"

ती बोट पुढे करून थांबली होती. यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. लपवायचं सगळं त्यांच्या डोळ्यांत इतकं उघडं मी कधी पाहिलं नव्हतं.

"प्रॉमिस," हे म्हणाले. "पण टाकी नीट खोल खोदायची हं. कशी खोदायची ते आत्ताच दाखवून ठेवतो, इकडे ये."

आणि दमलेला, धापा टाकणारा माझा नवरा पुन्हा गुडघ्यांवर बसला आणि कोपऱ्यातल्या उरल्यासुरल्या चिखलात तिला सगळं दाखवायला लागला. टाकी कशी खोदायची, तट कुठून धरायचा, बुरुजाला गोलाई कशी द्यायची, मोहरी कधी पेरायची. एकेक करून सगळं, घाईघाईनं. सिया म्हणत होती, "आजोबा, नेक्स्ट इयर दाखव ना, आता भूक लागलीये," आणि हे म्हणत होते, "एवढं बघ फक्त. एवढं बघून ठेव." मी कढईचं निमित्त करून आत गेले. गॅसवर कढई नव्हती. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि पोटभर रडले.