उलटी टांगलेली चिठ्ठी

मी चिठ्ठी बोलतेय. अमेरिकेतल्या चार्ल्सटनच्या एका दिवाणखान्यात मी सोनेरी चौकटीत टांगलेली होते, तीही उलटी. कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण आमची जुनी ज्यू लिपी त्या घरात कुणालाच वाचता येत नव्हती.

जर्मनीतल्या फ्युर्थ गावी फ्रुमेट नावाच्या म्हातारीने मला लिहिलं, अमेरिकेला गेलेल्या मुलासाठी, फायवलसाठी. जहाजात खारी हवा खात मी पोचले, तोवर फायवलचा फिलिप झाला होता. डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप, अंगात रेशमी कोट. त्याने मला एकदाच वाचलं, घडी घातली आणि पेटीत टाकलं. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाला, "बाबांचे आशीर्वाद आलेत. मोठे धर्मपंडित ना ते!"

तो वारला आणि मला चौकट मिळाली. त्याचा मुलगा सायमन याला सिनेगॉगचं, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिराचं, अध्यक्षपद हवं होतं. गावात आम्हा ज्यूंची घरं मोजकी, पण भांडणांना तोटा नाही. "आमचं घराणं पंडितांचं," म्हणत तो येईल त्याला माझ्यापुढे उभं करी. लोकही अक्षर न कळता भक्तिभावाने माना डोलवत.

मग मुलांना धर्म शिकवायला पोलंडहून हर्श गुरुजी आले. निवडणुकीच्या आदल्या दिवशी सायमनने त्यांना भर पंगतीत उठवलं. "वाचा गुरुजी, मोठ्याने!"

गुरुजींनी मान वाकडी करून मला वाचलं आणि त्यांचे कान लाल झाले. त्यांची नोकरी सायमनच्या हातात होती. "आशीर्वाद आहेत," ते पुटपुटले. "फार कळकळीचे."

सायमनची बहीण बिला त्यांच्या कानांकडेच बघत होती. पाहुणे गेल्यावर तिने मला चौकटीतून काढलं. "आता खरं वाचा."

"मेल्या फायवल," गुरुजी वाचू लागले, "तुझा बाप पंडित आहे असं तिकडे सांगत फिरतोस म्हणे! जन्मभर बदकांची पिसं उशांत भरली त्याने, आता खोकून अंथरुणाला खिळलाय. आम्हाला काही नको. तुझ्या बहिणीला, गूटलला, तेवढी बोलावून घे. आमच्यामागे तिला कोण आहे? रोज दारात बसते, तुझ्या उत्तराची वाट बघत."

"सख्खी आत्या आहे आपल्याला?" बिला म्हणाली. "आणि बाबा कधी बोलले नाहीत?"

"हळू बोल," सायमन दाराकडे बघत म्हणाला. "उद्या निवडणूक आहे."

तो निवडून आला. बिलाने गुरुजींकरवी आत्याला पत्र धाडलं: लगेच ये, खोली तयार आहे. तीस वर्षांनी का होईना, उत्तर गेलं.

वर्षभराने फ्युर्थच्या एका शेजारणीचं पत्र आलं. "गूटल तुमचं पत्र पोचायच्या आधीच, मागच्या हिवाळ्यात गेली. भावाला कुणी नावं ठेवली की भांडायला उठायची. म्हणायची, त्याचा दोष नाही, आईची चिठ्ठी समुद्रात बुडाली असणार."

बिलाने दोन्ही कागद खणात एकत्र ठेवलेत. बायांनो, बाबांनो, तुमच्याकडे अशी एखादी पडून असेल तर आजच उत्तर लिहा. मी बुडाले नव्हते हो. मी वेळेवर पोचले होते.